भाड्याच्या घरात वायरिंग बदलायचंय? आधी पक्कड खाली ठेवा

डोंबिवलीत ऐंशीच्या दशकातल्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगा अजून रग्गड आहेत. अशा घरात भाडेकरू राहायला येतो, उन्हाळ्यात एसी घेतो आणि मग मला फोन करतो. "काका, घरमालक काही करत नाही. वायर मी आणलीये, यूट्यूबवर सगळं बघितलंय. मीच केलं तर चालेल ना?"

नाही चालणार. मी स्वतः परवान्याचा इलेक्ट्रिकल ठेकेदार आहे, तेव्हा 'काका स्वतःच्या धंद्याचं बोलतात' असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणा. पण हा नियम माझ्या जन्माच्याही आधीचा आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो होता, २०१० च्या सुरक्षा विनियमांत आला आणि त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही आहे. घर मालकीचं असो की भाड्याचं, वायरिंगमध्ये भर घालणं, फेरफार करणं, दुरुस्ती करणं ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायची, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या, हातून.

मग भाडेकरूने हात बांधून बसायचं का? तसंही नाही. त्याच नियमात एक सूट आहे आणि ती नीट वाचण्यासारखी आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि फिटिंग तुम्ही स्वतः बदलू शकता, पण त्या बदलाने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे.

६ अँपिअरचं बटण खराब झालं, त्या जागी ६ अँपिअरचंच नवं बसवलं: चालेल. पंखा बदलला, ट्यूब काढून एलईडी लावली, होल्डर बदलला: चालेल. ६ अँपिअरचं सॉकेट काढून त्याच वायरीवर १६ अँपिअरचं मोठं सॉकेट बसवलं: नाही चालणार, मग ते दहा मिनिटांचं काम का असेना. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवला, हे तर अजिबात नाही. एमसीबी वायर वाचवायला असतो. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय, आणि तुम्ही सांगणाऱ्याचंच तोंड बंद करताय. नवीन पॉइंट काढणं, एसीची वेगळी लाइन ओढणं, इन्व्हर्टर डीबीत, म्हणजे एमसीबींच्या मुख्य पेटीत, जोडणं ही सगळी ठेकेदाराची कामं.

सूट असलेली कामंसुद्धा मेन बंद करूनच करायची. आणि जुन्या घरात 'मेन बंद' या शब्दांवर भरवसा ठेवायचा नाही. जुन्या किटकॅट (चिनी मातीच्या) फ्यूजच्या बोर्डात फेजबरोबर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेबरोबर, न्यूट्रललाही, म्हणजे परतीच्या तारेलाही, फ्यूज लावलेला सापडतो. तो न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो, पंखा थांबतो, माणसाला वाटतं लाइट गेली. प्रत्यक्षात वायरीत पूर्ण २३० व्होल्ट तसेच असतात. टेस्टर फेजला लावून बघितल्याशिवाय अशा घरात बोर्ड उघडू नये, आणि त्याही आधी तो टेस्टर शेजारच्या चालू सॉकेटमध्ये लावून चालतोय ना ते बघावं.

आता एक घर सांगतो. भाड्याने राहणाऱ्या एक ताई, घरी केक करून विकतात. तक्रार एवढीच की ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) लावला की सॉकेट गरम होतं आणि गीझरच्या नळाला कधीकधी झिणझिण्या येतात. ओट्याजवळचा बोर्ड उघडला. सनमायका लावलेली लाकडी पेटी, स्क्रू गंजलेले. बाहेरून बघायला १६ अँपिअरचं झकास पांढरं सॉकेट. आत ॲल्युमिनिअमची बारीक वायर, जोडावर टेप, टेप भाजून कडक झालेला. ओटीजी १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. त्याच वायरीवर मिक्सर, आणि पुढे तीच लाइन बाथरूममध्ये गेलेली, तिथे २००० वॅटचा गीझर, म्हणजे आणखी पावणेनऊ. तिन्ही चालू असताना त्या वायरीचं काय होत असेल ते टेपच सांगत होता.

पण मला घाम फुटला तो गीझरच्या सॉकेटमागे. वरच्या मोठ्या पिनेला, म्हणजे अर्थला, हिरवी वायरच नव्हती. बोटभर तुकडा घेऊन ती पिन न्यूट्रललाच जोडून टाकलेली. हा 'जुगाड' फार घरांत आहे. यात गीझर व्यवस्थित चालतो, कुणाला काही कळत नाही. पण मागे कुठे न्यूट्रलचा जोड सुटला की गीझरच्या पत्र्यावर आणि पाण्याच्या पाइपवर थेट फेज येतो. झिणझिण्या ही त्याची पूर्वसूचना. असं काही जाणवलं तर त्याच क्षणी गीझर बंद, बादलीत पाणी गॅसवर तापवून घ्या आणि माणूस बोलवा. त्यात 'रविवारी बघू' नको.

तर मार्ग असा. तुम्ही स्वतः वायर ओढायची नाही, पण बाकी सगळं काम तुमचं आहे: परवानगी, यादी, माणूस निवडणं, समोर उभं राहणं आणि कागद घेणं. हे नीट केलं तर घरमालक, सोसायटी, वीज कंपनी कुणीच बोट दाखवू शकत नाही.

परवानगी

आधी करार काढा. आपल्याकडे बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतात आणि त्यात 'मालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणताही फेरफार करणार नाही' असं एक कलम हमखास असतं. वायरिंग म्हणजे फेरफारच. मालक फोनवर "करा हो, काय करायचं ते करा" म्हणाले तर त्याला अर्थ नाही, घर सोडताना डिपॉझिटच्या वेळी स्मरणशक्ती दोन्ही बाजूंची कमी होते. ताईंना मी जो मजकूर लिहून दिला तोच इथे देतो, रिकाम्या जागा भरून वापरा:

"फ्लॅट क्र. __ मधील वायरिंग जुने असून स्वयंपाकघर व बाथरूमची लाइन गरम होते, तसेच अर्थिंग नाही. सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे परवानाधारक ठेकेदाराकडून (परवाना क्र. __) काम करून घेण्यास आपली संमती असावी. वायर, डीबी, अर्थिंग व मजुरी यांचा खर्च रु. __ आपण दरमहा भाड्यातून रु. __ याप्रमाणे वळता करून द्यावा. पंखे, दिवे व एसी माझे असून घर सोडताना मी नेईन. भिंतीतील वा पट्टीतील वायरिंग मी काढणार नाही. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टची प्रत आपणास देईन."

याखाली मालकांची सही. मालक परगावी असतील तर सही करून फोटो पाठवायला सांगा, ईमेलवर उत्तर मागवा. खर्चाचं वाक्य गाळू नका. माझा साधा हिशोब: भिंतीत राहणारी वस्तू मालकाची, म्हणून पैसेही मालकाचे, तुमच्याबरोबर टेम्पोत जाणारी वस्तू तुमची. मालक सगळा खर्च देणार नाहीत, निम्म्यावर तयार होतील. तेवढ्यावर तोडपाणी झालं तरी वाईट नाही, मात्र आकडा कागदावर हवा.

मालकांना पटवताना "मला एसी लावायचाय" म्हणू नका. "अर्थिंग नाही, उद्या काही झालं तर प्रश्न तुम्हालाही विचारतील" असं म्हणा, आणि उघड्या बोर्डाचा फोटो पाठवा. भाजलेल्या टेपच्या फोटोने जे काम होतं ते अर्ध्या तासाच्या बोलण्याने होत नाही.

पागडीच्या घरातल्या भाडेकरूंचं वेगळं आहे. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला मात्र वर्षभराच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. आता गिरगावात महिना दोनशे रुपये भाडं भरणाऱ्याला हा पाव हिस्सा म्हणजे सहाशे रुपये. त्यात वायरचं एक बंडलही येत नाही. पण नोटीस द्याच, तिचा उपयोग पैशापेक्षा पुराव्याला जास्त होतो. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी मात्र या कलमाच्या भरवशावर भाडं कापू नये, त्यांचं सगळं करारावर.

सोसायटी आणि मीटर

सोसायटीला एक साधं पत्र: काम कधी, किती दिवस, भिंतीला झिऱ्या मारणार (वायरीसाठी खाचा पाडणार) की नाही, मीटररूमची किल्ली कधी लागेल. दुपारी दोन ते चार ठोकाठोक नाही हे स्वतःच लिहून टाका, अर्ध्या कमिटीचं मन तिथेच जिंकाल. मीटरपासून तुमच्या फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची लाइन सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) सोसायटीच्या खर्चात मोडते. ती केबल जुनी असेल तर घरात कितीही चांगली वायर ओढा, गळा तिथेच आवळलेला राहतो. म्हणून मालकांमार्फत तेही पत्रात घाला.

मीटर, त्याचं सील आणि त्याच्या आधीचा कंपनीचा कटआउट (मुख्य फ्यूज) याला तुम्ही, मी, सोसायटीचा वॉचमन कुणीच हात लावायचा नाही. सील तोडलं तर ते वीजचोरीच्या कलमात, विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ मध्ये जाऊ शकतं आणि तिथे तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 'जरा पाच मिनिटं सील काढून लाइन बंद करतो' म्हणणारा वायरमन दारातूनच परत पाठवा.

लाइट बिल काढून 'मंजूर भार' बघा. जुन्या जोडणीवर अर्धा किंवा एक किलोवॅट लिहिलेलं सापडतं. ताईंचा ओटीजी, गीझर आणि नवीन दीड टनाचा एसी मिळूनच पाच किलोवॅटच्या वर जात होतं. भार वाढवायचा अर्ज ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानेच करायचा, भाडेकरूने नाही. इथे एक गंमत नेहमी होते: बिल मालकांच्याही नावावर नसतं, त्यांच्या आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. मग आधी नाव बदला, मग भार वाढवा. म्हणून एसी विकत घेण्याआधी बिल बघा.

माणूस

'वायरमन' पाटी लावलेला प्रत्येकजण परवानाधारक नसतो. ठेकेदाराच्या परवान्याची प्रत मागा, त्यावरची मुदत वाचा, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याचा तारतंत्री परवाना बघा. राग येत असेल तर येऊ दे. नाक्यावरचा पोरगा निम्म्या पैशात करून देईल, कदाचित चांगलंही करेल, पण टेस्ट रिपोर्टवर सही तो करू शकत नाही, आणि तुम्हाला तीच सही हवी आहे.

कोटेशनमध्ये 'पूर्ण वायरिंग, इतके रुपये' असं एका ओळीत घेऊ नका. मी स्वतः देतो तसं सर्किटवार मागा. वन बीएचकेला साधारण हे पुरतं: दिवे-पंख्यांची दोन सर्किटं, १.५ स्क्वेअर एमएम वायर, १० अँपिअर एमसीबी. हॉल-बेडरूमच्या प्लगचं एक आणि ओट्याचं वेगळं, २.५ ची वायर, १६ चा एमसीबी. गीझर आणि एसी प्रत्येकी स्वतंत्र, ४ ची वायर, २० चा एमसीबी, एसीला सी-कर्व्हचा (चालू होतानाचा झटका सोसणारा). गीझरचा डीपी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच बाथरूमच्या बाहेर. अर्थची वायर फेजच्याच जाडीची, इथे एक साइज खाली उतरायची सवय पुष्कळांना आहे. रंग ठरलेले: फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. वायर तांब्याची, तिच्या अंगावर आयएस ६९४ छापलेलं. बंडल तुमच्यासमोर फोडायचं.

आणि या सगळ्याच्या वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. कोटेशन कमी करायला ठेकेदार पहिल्यांदा हाच गाळतो.

भाड्याच्या घरात भिंत फोडण्याच्या मी विरोधात आहे. पीव्हीसीची केसिंग-पट्टी भिंतीवरून न्या. छताच्या कडेने, दाराच्या चौकटीला लागून नेली आणि रंग मारला की नजरेत येत नाही. प्लास्टर नाही, धूळ नाही, मालकांचा रंगाचा खर्च नाही, आणि पुढे काही बिघडलं तर पट्टी उघडून दिसतं. मालक स्वतः 'कन्सील्डच करा' म्हणाले आणि पैसे देणार असतील तर करा, पण प्लास्टर भरण्याआधी प्रत्येक झिरीचा फोटो शेजारी मेजरटेप धरून काढून ठेवा. पुढचा भाडेकरू तिथेच खिळा ठोकणार आहे.

काम चालू असताना

घरात थांबा. प्रत्येक वायरीकडे बघत बसायची गरज नाही, पण तीन जागा बघा. जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये, पट्टीच्या मध्यात टेप गुंडाळलेला जोड नको. अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपासून डीबीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत गेलेली, आणि तिथून बिल्डिंगच्या अर्थिंगपर्यंत. आणि डीबीत प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठी: 'ओटा', 'गीझर', 'एसी'.

मग एक क्षण हमखास येतो. आरसीसीबी चालू केला की तो ताबडतोब पडतो. जुन्या घरात कुठलंतरी सर्किट दुसऱ्याचा न्यूट्रल वापरत असतं किंवा न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एक झालेले असतात. घाईतला वायरमन म्हणतो, "आरसीसीबीच खराब निघाला, सध्या डायरेक्ट करतो." करू देऊ नका. एकेक सर्किट सोडवून चूक शोधायला वेळ लागतो, त्याचे पैसे मागितले तर द्या. ताईंच्या घरी हा दोष बेडरूमच्या घंटीच्या बटणात निघाला. कुणीतरी कधीकाळी घंटीला न्यूट्रल म्हणून अर्थची वायर वापरली होती.

शेवटी तपासण्या. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं आवरण तपासायच्या यंत्राने) इन्सुलेशन, किमान एक मेगाओहम यायला हवं. नव्या वायरीवर त्याहून कितीतरी जास्त येतं. प्रत्येक सॉकेटवर फेज उजवीकडे आहे ना, स्विच फेजवर आहे ना, अर्थ लागतोय ना. आरसीसीबीवरचं 'टी' बटण तुम्ही स्वतः दाबा, घर खाडकन बंद झालं पाहिजे. पुढे दर महिन्याला तेच, लाइट बिल भरता त्या दिवशी.

आकड्यांसकट टेस्ट रिपोर्ट, ठेकेदाराची सही-शिक्का, मालाचं बिल आणि मालकांची संमती हे सगळं एका प्लास्टिक फोल्डरमध्ये. एक प्रत मालकांना द्या, पावतीची सही घ्या. भार वाढवण्याच्या अर्जालाही हाच रिपोर्ट लागेल.

मालकांनी काहीच ऐकलं नाही तर? धोकादायक लाइन वापरणं बंद करा, उघड्या बोर्डाचा फोटो आणि पत्र त्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. शॉक लागतोय अशी स्थिती असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा, आणि राज्य सरकारच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. तिथे अर्ज गेलाय हे कळल्यावर बऱ्याच मालकांना अचानक वेळ मिळतो. तोवर अकरा महिने संपत आलेले असतील तर नवीन घर बघा, आणि बघायला जाल तेव्हा बाल्कनीच्या आधी डीबीचं दार उघडा.

घर सोडताना तुमचा एसी, पंखे, दिवे काढून न्या, पण त्या जागी चालू होल्डर आणि झाकणं लावून द्या, उघड्या वायरी लोंबत ठेवू नका. आरसीसीबी तुमच्या पैशाचा असला तरी काढू नका. तो काढायचा तर डीबी उघडावा लागतो, आणि ते काम परत ठेकेदाराचं.